सहाशे त्रेचाळीस फटक्यांनंतर

औरंगाबाद,
१९ जुलै २०१९

प्रिय गौतमी,

गेल्या रविवारी सगळं शहर क्रिकेटच्या अंतिम सामन्याला डोळे लावून बसलं होतं आणि मी एकटाच विम्बल्डन बघत होतो. शेजारच्या काकासाहेबांनी खिडकीतून विचारलंसुद्धा, "प्राध्यापक, तुमच्या टीव्हीवर शोकसभा चाललीय का? आवाज कसा नाही?" टेनिसमध्ये माणसं गप्प बसून बघतात, हे त्यांना तीस वर्षांत पटलेलं नाही. पाचव्या सेटमध्ये बारा-बारा अशी बरोबरी झाली आणि यंदा तिथं आलेला नवा नियम लागू झाला. पुढचा निकाल टायब्रेकवर, थोड्या गुणांत. पंचांनी ते जाहीर केलं आणि मला रडू आलं. ज्या माणसानं टायब्रेकला भर बैठकीत न्यायाचा खून म्हटलं होतं, तो माणूस टायब्रेक आला म्हणून सुटल्यासारखा रडत होता. बारा-बारा हा आकडा तूही विसरली नसशील. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही, एवढंच.

तुझा परवाचा फोन अजून कानात आहे. "अण्णा, गुरुवारची तारीख पक्की झाली. सोमवारी येते. रेवा माझ्या सासूबाईंकडे राहील, मला कॉलेजातून सहा आठवड्यांची रजा मिळाली आहे. तुम्ही फक्त पथ्य सांभाळा." जणू तू मला किडनी द्यायला नाही, दिवाळीला येते आहेस. मी नको म्हटलं. याआधीही चार वेळा म्हटलं होतं. तू म्हणालीस, "सुरू केलेलं मध्येच सोडायचं नाही, हे कुणी शिकवलं? आता म्हातारपणी नवा अभ्यासक्रम काढताय का?" मी हसलो. गेवराईपासून कन्नडपर्यंत मी सभा जिंकल्या, गौतमी. विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत दोन्ही बाजूंची तापलेली डोकी मी शब्दांनी खाली बसवली. तुझ्यापुढे मात्र माझी वाक्यं पहिल्या पायरीवरच घसरतात, कारण तू मला माझ्याच वाक्यांनी उत्तर देतेस. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

चौदा महिने झाले मला डायलिसिसवर. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. शेजारच्या खाटेवर फुलंब्रीचे एक गृहस्थ असतात, रामकिसन. त्यांना मी सांगितलं की माझी मुलगी मला किडनी देतेय. ते म्हणाले, "लई नशीबवान हाय तुम्ही, सर. माझ्या तिन्ही पोरांचा रक्तगट अचानक बदलला." सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. आणि मग चार तास छताकडे बघत पडून राहिलो. त्या चार तासांत माणसाला कुठलंच भाषण सुचत नाही. सुचतात त्या गोष्टी, आणि त्यासुद्धा जिथं मी थांबवल्या त्याच्या पुढच्या.

तू नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा रॅकेट हातात घेतलीस आणि मी तुला रिचमंडची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं शहर, साल १९८४, दोन बायकांचा व्यावसायिक सामना. सेट फक्त दोन, पण सामना चालला साडेसहा तास. आणि त्यात एकच गुण असा, की त्यासाठी चेंडू जाळीवरून सहाशे त्रेचाळीस वेळा गेला. एका गुणासाठी एकोणतीस मिनिटं! मी वाचनालयात ती बातमी वाचली होती आणि मला वाटलं होतं, हीच आपली गोष्ट. तू डोळे विस्फारून ऐकायचीस. "अण्णा, मग सहाशे त्रेचाळिसावा फटका कुणी मारला?" मी म्हणायचो, "जिनं सोडलं नाही तिनं." तू टाळ्या वाजवायचीस. अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारत मोजायचीस, शंभर, दीडशे, दोनशे. तुझी आई आतून ओरडायची, "अहो, तिला जेवायला तरी येऊ द्या, भिंत कुठं पळून जात नाही."

त्या बातमीत पुढं काय होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तो गुण जी जिंकली, तीच पायांत गोळे येऊन तिथल्या तिथं कोसळली. आणि ती उठेना म्हणून पंचांनी तिला वेळ काढल्याबद्दल इशारा दिला. हे मी वाचलं होतं. मला पाठ होतं. पण वक्त्याला एक गोष्ट नीट कळते, गोष्ट कुठं थांबवायची. टाळी जिथं पडते तिथं. त्याच्या पुढं एक वाक्य बोललं तरी सभा थंड होते.

तुझ्या आजोबांची गोष्टही मी तशीच सांगत आलो. निजामाच्या राज्यात सत्याग्रह केला म्हणून हर्सूलच्या तुरुंगात गेले. दोन ओळींच्या माफीनाम्यावर सही केली असती तर त्याच दिवशी सुटले असते. नाही केली. पोलिस ॲक्शन झाली आणि दार उघडलं तेव्हा गंगापूरहून आलेल्या लोकांनी त्यांना हारांनी झाकून टाकलं. इथं मी थांबायचो. मी जन्मलो त्यानंतर तीन वर्षांनी. मला आठवतात ते वडील हारांतले नाहीत. मला आठवतो त्यांचा खोकला, आणि माझी आई पाठ चोळत बसलेली. अकरा वर्षं ती पाठ चोळत होती. तिच्यावर मी एक वाक्यही कधी बोललो नाही. तिच्यात टाळीची जागा नव्हती.

आता चष्म्याचं सांगतो. तुला ते माहीत आहे, पण मला माझ्या हातानं लिहायचं आहे. तुझी पहिली स्पर्धा जालन्याला होती. मी प्रेक्षकांतून इतका बोललो की पंच खुर्चीवरून उतरून माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुमचं व्याख्यान मी ऐकलेलं आहे, फार छान असतं. पण आणखी एक शब्द बोललात तर मुलीचा गुण कापीन." टेनिसमध्ये बाहेरून काही सांगायला बंदी. जगातला एवढा एकच खेळ मला मिळावा, ज्यात बापानं गप्प बसायचं! परत येताना एसटीत तुझ्या आईनं तोड काढली. ती म्हणाली, "ही पोर स्वतःहून कधी थांबायची नाही, तुमच्यावर गेलीय. तेव्हा थांबवायचं तुम्ही. तिचं जास्त होतंय असं वाटलं तर चष्मा काढून खिशात ठेवायचा. तेवढं बघून तिनं हात मिळवायचा आणि घरी यायचं. बाकी काही खाणाखुणा करायच्या नाहीत." हेही नियमाबाहेरचंच होतं, पण तुझ्या आईपुढं नियमाचं काय चालणार? तू म्हणालीस, "अण्णा, शप्पथ?" मी शपथ घेतली. एसटी बदनापूरच्या थांब्यावर उभी होती आणि तू खारे शेंगदाणे खात होतीस.

अकरा वर्षांत मी एकदाही चष्मा काढला नाही. घाम पुसायलासुद्धा नाही, तुझा गैरसमज नको म्हणून. मला त्याचा अभिमान होता.

मग २००१ सालचा मे. आपल्या क्लबनं बक्षिसाची खुली स्पर्धा भरवली, बाहेरून नावाजलेल्या मुली आल्या. तुला नुकतंच राष्ट्रीय क्रमवारीत स्थान मिळालं होतं. ही स्पर्धा जिंकली तर पुढं परदेशातल्या व्यावसायिक स्पर्धांचा रस्ता मोकळा होता. समितीच्या बैठकीत मी उभा राहिलो. सेटमध्ये सहा-सहा बरोबरी झाली की टायब्रेक लावायचा, हा रिवाज. मी म्हणालो, निदान अंतिम सामन्याच्या निर्णायक सेटला तरी टायब्रेक नको. दोन गेमची आघाडी घेईपर्यंत खेळू द्या. तासन्‌तास झुंजलेल्या खेळाडूचा निकाल चार चेंडूंच्या सोडतीवर लावणं हा न्यायाचा खून आहे. वीस मिनिटं बोललो. अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, "लिहून टाका हो टायब्रेक रद्द, नाहीतर प्राध्यापक आपल्याला इथंच पाच सेट खेळवतील." सगळे हसले, ठराव पास झाला, चहा आला. तू अंतिम फेरीत जाशील की नाही हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? हे मी स्वतःला अठरा वर्षं विचारत आलो. खरं उत्तर असं की मला ठाऊक होतं. मला तो सामना तुझ्यासाठीच लांब हवा होता. सहाशे त्रेचाळीस फटके मला माझ्या घरात हवे होते.

अंतिम सामना सकाळी दहाला ठेवला, कारण पाचला पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ होता आणि त्यात मुख्य भाषण माझं. समोर हैदराबादची ती उंच मुलगी. तिचा बाप रेल्वेत फिटर होता, तुला आठवत असेल, डोक्याला ओला रुमाल बांधून पलीकडच्या बाकावर बसला होता. एक सेट तुझा, एक तिचा. मग तिसरा. सहा-सहा. सात-सात. पारा त्रेचाळीसवर होता, कोर्टाच्या तांबड्या मातीतून वाफा निघत होत्या.

आठ-आठला तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. मी चष्म्यातून तुझ्याकडे बघितलं. तू वळलीस आणि सर्व्हिस केलीस.

बारा-बाराला तू दुसऱ्यांदा बघितलंस. तेव्हा कोर्टाची निगा राखणारा कडूबा माझ्यामागं येऊन उकिडवा बसला. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, एवढंच त्याचं काम, पण तुला तो लहानपणापासून बघत होता. हळूच म्हणाला, "सर, ताईच्या पोटात पाणी ठरंना. आत्ता कुंपणापाशी वकल्या. पाय बघा कसे लटलट करत्यात. तुम्ही सांगा की. त्या तुमचंच ऐकत्यात." मी त्याला काय सांगितलं माहीत आहे? मी म्हणालो, "कडूबा, इतिहास घडताना मधे बोलायचं नसतं." त्यानं हातातलं ओलं पोतं झटकलं. मग म्हणाला, "व्हय सर. मला काय कळतंय." आणि उठून गेला. जाताना त्यानं तुझ्या खुर्चीवर ते पोतं टाकलं, बसताना गारवा लागावा म्हणून. त्याला सगळं कळत होतं.

सतरा-सोळाला तू तिसऱ्यांदा बघितलंस. या वेळी तू नुसतं बघितलं नाहीस. तू थांबलीस. पंचांनी वेळ झाल्याचं सांगितलं तरी तू थांबलीस. तुझे ओठ पांढरे पडले होते आणि गालावर घामाचं मीठ वाळलं होतं. तू माझ्या चष्म्याकडे बघत होतीस. आणि मी काय केलं, गौतमी? मी चष्मा नीट बसवला. एका बोटानं, नाकावर वर ढकलला.

एकोणीस-अठरा झाले. तुझी एका गेमची आघाडी. बाजू बदलताना ती हैदराबादची मुलगी खुर्चीवर बसली आणि उठलीच नाही. तेवढ्यात तिचा बाप कुंपणाचं दार ढकलून सरळ कोर्टात आला. पंच ओरडले, समितीचे लोक धावले. तो कुणाकडे न बघता पोरीपाशी गेला, डोक्यावरचा ओला रुमाल सोडून तिच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाला, "बस हो गया बेटा. घर कू चलो." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पंचांनी तिची माघार जाहीर केली आणि तू जिंकलीस. पाच तास चाळीस मिनिटं. आपल्या भागातला तेव्हापर्यंतचा सर्वांत लांब सामना, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. लोक टाळ्या वाजवत होते, माझ्या पाठीवर थापा मारत होते. तू जाळीपाशी उभी होतीस. तू चषकाकडे बघत नव्हतीस, माझ्याकडेही नाही. तो माणूस आपल्या पोरीला उचलून नेत होता, तिकडे बघत होतीस.

पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही. पाचला समारंभ सुरू झाला तेव्हा तुझी आई आणि कडूबा तुला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. तुझ्या आईनं मला मंडपाच्या दारातून हाक मारली होती. मी हातानं खूण केली, तुम्ही पुढं व्हा, आलोच. मी चाळीस मिनिटं बोललो. रिचमंड सांगितलं, हर्सूल सांगितलं आणि शेवटी तुझं नाव घेतलं. लोक उभे राहिले. मग मी चषक घेऊन दवाखान्यात आलो. तुझी लघवी काळ्या चहासारखी झाली होती. पुढं दीड दिवस झालीच नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हात स्नायू एवढे झिजलेत की त्याचा गाळ किडनीत जाऊन बसलाय. डायलिसिस लागेल की काय, हे उद्या ठरवू. तो शब्द आपल्या घरात पहिल्यांदा आला तो तुझ्यासाठी. तिसऱ्या दिवशी तुझी लघवी सुरू झाली आणि तुझी आई चषक पदरात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवून आली. तुझ्या शेजारी बसून मी काहीतरी बोलायला लागलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. बरी झालीस, घरी आलीस, आणि रॅकेटला परत हात लावला नाहीस. मी का विचारलं नाही? उत्तर माहीत असलेले प्रश्न मी भाषणातच विचारतो.

आणि तरीही मी त्या सामन्यावर दहा वर्षं भाषणं केली. गोष्ट एकोणीस-अठराला थांबवायची. त्या फिटरला मी "मधेच मैदान सोडणारा बाप" म्हणायचो. एकदा तापडिया नाट्यमंदिरात तुझी आई पहिल्या रांगेत होती. मी त्या वाक्यावर आलो आणि ती उठून चालती झाली. तिच्या चपलांचा आवाज सगळ्या सभागृहानं ऐकला. मी म्हणालो, "पाहा, सत्य ऐकवत नाही लोकांना!" टाळी पडली. घरी आल्यावर तिनं मला नेहमीसारखं वाढलं. फक्त म्हणाली, "तो मैदान सोडत नव्हता हो. तो आत आला होता." पुढं पाच वर्षांनी ती गेली. ते वाक्य तिनं परत कधी म्हटलं नाही आणि माझ्या कानातून ते कधी गेलं नाही.

२०१० साली विम्बल्डनला तो तीन दिवस चाललेला सामना झाला. अकरा तास, पाच मिनिटं. पाचवा सेट सत्तर-अडुसष्ट. सत्तेचाळीस-सत्तेचाळीसला तिथला गुणफलकच बंद पडला, त्याला त्यापुढचे आकडे शिकवलेच नव्हते. मी तिन्ही दिवस टीव्हीपुढून हललो नाही. तुला पुण्याला फोन केला, म्हटलं, "बघतेयस का? जगातला सर्वांत लांब सामना!"  मग म्हणालीस, "अण्णा, त्यांच्या घरचं कुणी नव्हतं का तिथं?" मी हसलो, गौतमी. मला वाटलं, तू विनोद केलास.

आता अलीकडचं. गेल्या महिन्यात तू तपासण्यांसाठी आलीस. सगळे रिपोर्ट चांगले आले. मग दवाखान्यातल्या अवयवदानाच्या समन्वयक बाईंनी तुला समोर बसवून फॉर्म भरून घेतला. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. त्यांनी विचारलं, याआधी किडनीचा काही त्रास? कधी दवाखान्यात दाखल? तू क्षणाचाही विलंब न लावता म्हणालीस, "नाही." आणि म्हणताना माझ्याकडे बघितलंस.

ते चौथं बघणं. आधीच्या तीन वेळा तू मला बोला म्हणत होतीस. या वेळी बोलू नका म्हणत होतीस. मी दोन्ही वेळा तेच केलं. चष्मा नीट बसवला आणि गप्प राहिलो. पुढं प्रत्यारोपणाच्या परवानगीसाठी समितीनं घेतलेल्या मुलाखतीत कॅमेऱ्यापुढं त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्हाला काही सांगायचंय?" आयुष्यभर हा प्रश्न मला कुणी विचारला की मी तासभर सोडायचो नाही. मी म्हणालो, "नाही."

का, ते तुला कळायला हवं. तुझ्या हट्टापुढं हरलो म्हणून नाही. तुला मी तसं भासवलं, पण ते खोटं आहे. मला जगायचं होतं. एवढंच. आठवड्यातून तीनदा ती सुई नको होती, मला परत मंचावर उभं राहायचं होतं, रेवाला दहावी झालेली बघायचं होतं. त्या "नाही"मागं माझ्या पोरीच्या दोन किडन्यांनी एकदा माझ्यापायी काय सोसलंय, हे तुझी आई गेल्यावर जगात दोनच माणसांना माहीत उरलं होतं. एक तू, एक मी. आणि मी हिशेब केला की तू बोलणार नाहीस. अशा वेळी माणूस किती स्वस्तात स्वतःला विकतो, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं, आणि मी पुष्कळ वाचलं आहे.

आज सकाळी डायलिसिस संपल्यावर मी डॉक्टरांना भेटलो आणि सगळं सांगितलं. मे २००१, पाच तास चाळीस मिनिटं, काळी लघवी, दीड दिवस. गोष्ट टाळीपाशी न थांबवता शेवटपर्यंत सांगितली. माझी आयुष्यातली ही पहिली वेळ. फार वाईट बोललो. अडखळलो, तारखा चुकलो, एकदा पाणी मागितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सर, हे आधीच सांगायला हवं होतं. एकदा एवढा मार बसलेल्या किडन्यांतली एक काढून घ्यायची आणि तिला उरलेल्या एकीवर सोडायचं, हे माझ्या हातून होणार नाही." गुरुवारची शस्त्रक्रिया त्यांनी रद्द केली. मरणोत्तर दात्याची किडनी मिळावी म्हणून माझं नाव प्रतीक्षायादीत घालतो म्हणाले. या वयात ती यादी माझ्यापर्यंत किती पोचेल, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. डायलिसिसची सुई लावतात ती हातातली शीर बंद पडायला आली आहे, दुसऱ्या हाताची बघू म्हणाले.

म्हणून हे पत्र. तू चिडशील. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणशील, आणि मी तिथं येणार नाही म्हटलं तर माझीच वाक्यं माझ्या तोंडावर फेकशील.  पुढं माझं काय होणार ते मला ठाऊक नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे समारोप नाही. मला एवढंच कळतं की अठरा वर्षांपूर्वी मी कोर्टाचं दार ढकलून आत यायला हवं होतं, आणि आता आत येण्याएवढी ताकद पायांत नाही, म्हणून इथूनच करतो. सोमवारी ये, पण बॅग लहान आण. रेवालाही घेऊन ये. हे शेवटचं पान मी चष्म्याशिवाय लिहितो आहे. तो काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आहे. ओळी वर-खाली गेल्या असतील, सांभाळून वाच. हात मिळव, बाळा, आणि घरी ये.

तुझाच, उशीर झालेला,
अण्णा